जमिनीतली जुनी डिझेल टाकी काढली. आता माती कुठली घ्यायची आणि कशासाठी तपासायची?

नदीकाठ (पलूस तालुका)

नमस्कार. घरचाच प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहिते.

आमच्या सासऱ्यांचे ऊस वाहतुकीचे ट्रक होते. हंगामात गाड्या रात्रंदिवस चालायच्या, म्हणून १९८६ साली त्यांनी घराशेजारच्या आवारात दहा हजार लिटरची डिझेल टाकी पुरून घेतली. रीतसर परवाना होता. २००३ च्या सुमारास गाड्या विकल्या, डिझेल भरायचं मशीन काढून दिलं, टाकी मात्र जमिनीतच राहिली. आत किती डिझेल शिल्लक होतं हे सांगणारं आता घरात कोणी नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी या आवारात छातीइतकं होतं. पाणी उतरताना डिप पाइपाच्या (टाकीत पट्टी घालून डिझेल मोजायचा पाइप) भोवती रंगीत तवंग फिरत होता, आणि गोठ्याच्या भिंतीवर काळपट रेघ राहिली. तेव्हा जनावरं, चिखल, भिजलेलं घर हे सोडून तिकडे कोणाचं लक्ष जाणार?

आता धाकटे दीर त्या जागेत घर बांधायचं म्हणतात, म्हणून या महिन्याच्या सुरुवातीला टाकी भंगारवाल्याला दिली. जेसीबीने ओढून वर काढली. भरणीचा पाइप होता त्या टोकाला टाकीचा पत्रा तळाशी गंजून बोट जाईल एवढं भोक पडलंय. खड्डा साधारण साडेतीन मीटर खोल आहे. सगळ्यात वर वितीएवढा पुराचा गाळ, त्याखाली काळी माती, मग मुरूम. टाकीच्या भोवती वाळू भरलेली होती. मुरूम सगळीकडे पिवळसर तांबूस आहे, पण त्या भोकाच्या बरोबर खाली हिरवट करडा झालाय. तिथलं ढेकूळ फोडलं की डिझेलचा वास येतो. दुसऱ्या टोकाला वास नाही, रंगही बदललेला नाही.

जेसीबीवाले आणि बांधकामवाले दोघंही म्हणतात, "वहिनी, दोन उन्हात वास जातो, मुरूम टाकून दाबून घ्या." मी थांबवलंय, कारण विहीर. ती खड्ड्यापासून तीसेक पावलांवर आहे, उताराला, ओढ्याच्या बाजूला. पिण्याला नळ आहे, पण नळ बंद असला की तीच, आणि जनावरांना रोज तीच. सासूबाई आयुष्यभर ते पाणी प्यायल्या आहेत. मोटार चालू केली की पाणी स्वच्छ येतं, वास येत नाही.

खड्ड्यातली थोडी माती मी शेतीच्या माती परीक्षणाला दिली होती. सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश सगळं ठीक आलं, सेंद्रिय कर्ब तर "भरपूर" आला. यावर निर्धास्त व्हावं का? आणि होऊ नये म्हणत असाल तर नमुने कुठून घ्यायचे, प्रयोगशाळेला नेमकं काय सांगायचं, आणि उपसलेल्या मातीच्या ढिगाचं काय करायचं? पाऊस तोंडावर आलाय.

माळरान (खटाव)

वास गेला म्हणजे डिझेल गेलं असं नसतं. हलका भाग उडतो, जड भाग मातीला धरून राहतो.

घरी एवढं आज करून बघता येईल. झाकणाची काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश संशयित मुरूम, वर स्वच्छ पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वर रंगीत थर आला तर तेल आहे हे नक्की. मात्र थर आला नाही म्हणून माती स्वच्छ, असा उलटा निष्कर्ष काढू नका. आणि विहिरीच्या कडेला तांबूस-रंगीत पापुद्रा दिसला तर काडीने ढोसा. लोहाच्या जिवाणूंचा असेल तर त्याचे कपच्यांसारखे तुकडे पडून वेगळे राहतात. तेलाचा असेल तर लगेच परत एकत्र येतो.

वास घेण्यासाठी ढेकूळ नाकाशी नेणं मात्र बंद करा.

फिटर (कराड)

ताई, मी पंपांच्या टाक्या-पाइपलाइन बसवायचं काम करतो. मातीच्या चाचणीतलं मला कळत नाही, ते कळणारं कोणीतरी सांगेलच. मी टाकीपुरतं बोलतो.

पहिलं, सासऱ्यांच्या परवान्याची फाइल शोधा. त्या काळी विस्फोटक विभाग म्हणायचे, आता पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, मुख्यालय नागपूरला. परवान्याला मंजूर नकाशा जोडलेला असतो. टाकी कुठं, भरणीचं तोंड कुठं, सक्शन पाइप कुठून कुठं गेला, मशीन कुठं होतं, व्हेंट पाइप कुठल्या भिंतीला, हे सगळं त्यावर असतं. टाकीपेक्षा पाइपाचे जॉइंट लवकर गळतात. तुम्हाला टाकीला भोक दिसलं म्हणून गळती तेवढीच, असं धरू नका. मशीन उभं होतं तिथली जमीनसुद्धा बघा, फिल्टर बदलताना आणि गाड्या भरताना तिथं कायम सांडतं.

दुसरं, टाकी अजून तुमच्या आवारात पडलेली असेल तर तिला गॅस कटर लावू देऊ नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. तळाला गाळ असतो, त्याची वाफ आत कोंडलेली असते, ठिणगी पडली की स्फोट. आणि गाळ काढायला म्हणून कोणालाही आत उतरवू नका. आत प्राणवायू कमी असतो, माणूस शिडीवरच बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही राहतो. वाफ काढून, मीटर लावून, गॅस-फ्री झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय कापायची नसते. पोरगं असेल कोणाचं तरी, दोन पैशांसाठी उतरतं. कृपा करून बघा.

टाकीतला गाळ ओढ्यात किंवा बांधावर ओतू देऊ नका. तो घातक कचऱ्यात मोडतो.

माती-पाणी (मिरज)

ताई, खड्डा उघडा ठेवलात हे फार चांगलं केलंत. एकदा मुरूम भरून दाबला की हीच माहिती मिळवायला बोअर मारून नमुने काढावे लागतात आणि तरीही नेमकी जागा हाती लागेल याची खात्री नसते. मी पर्यावरण प्रयोगशाळेसाठी माती-पाण्याचे नमुने काढण्याचं काम बरीच वर्षं केलं, इंधन सांडलेल्या जागाही त्यात होत्या. तुमच्या प्रश्नात काळजीचं कारण आहे, म्हणून लांब लिहितो.

आधी तुमच्या हातातला अहवाल. तो चुकीचा नाही, पण त्यात हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. मृद आरोग्य पत्रिकेसाठी बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं. डिझेल यात कुठेच नाही. उलट "सेंद्रिय कर्ब भरपूर" वाचून मी सावध झालो. साडेतीन मीटर खोलीवरच्या मुरुमात सेंद्रिय कर्ब यायचाच कुठून? डिझेल म्हणजे कार्बनच, आणि त्यातला काही भाग कर्बाच्या चाचणीत मोजला जातो. तुम्ही ज्याला चांगली बातमी समजताय ती बहुधा डिझेलचीच खूण आहे. हिरवट करडा रंगही तेच सांगतो. तेल खाणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, मग मुरुमातल्या लोहाचा तांबूसपणा जातो.

आता नमुना. शेतातला नमुना कसा घेतो आपण? नागमोडी फिरून इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, सगळी माती घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, सावलीत वाळवायची आणि अर्धा किलो पिशवीत भरायची. इथे यातलं एकही पाऊल चालत नाही. मिसळलं, वाळवलं की हलके घटक हवेत गेले. दहा ठिकाणची माती एकत्र केली की एका जागचं भरपूर डिझेल नऊ स्वच्छ जागांत वाटलं जाऊन आकडा सौम्य दिसतो. इथे जिथे सर्वांत जास्त खराब असण्याची शक्यता आहे तिथलीच माती मुद्दाम घ्यायची, आणि प्रत्येक जागेची बाटली वेगळी.

तुमच्या खड्ड्यात पहिली जागा अर्थातच भोकाखालचा करडा मुरूम. दुसरी, टाकीच्या दुसऱ्या टोकाखाली, वास नसला तरीही. टाकीभोवती भरलेली वाळू बाजूला करून तिच्याखालची मूळची, न हललेली जमीन फूट-दीड फूट उकरा आणि तिथून घ्या. नुसती वाळू तपासून उपयोग नाही, तेल वाळूतून पटकन खाली उतरून जातं. मग खड्ड्याच्या चारही भिंती, टाकीचा तळ जिथे होता त्या उंचीवर. ओढ्याकडच्या भिंतीला एक जास्त नमुना द्या, कारण पाणी तिकडे वाहतं. कराडच्या मित्रांनी सांगितलेली पाइपाची रेघ आणि मशीनची जागा धरा. उपसलेल्या ढिगाचे वेगळे. आणि एक नमुना उताराच्या वरच्या बाजूला, जिथे कधी गाडी उभी राहिली नाही अशा जागेचा. तो नसेल तर बाकीचे आकडे कशाशी ताडायचे?

तुमच्याकडे आणखी एक जागा आहे जी सहसा कोणाच्या लक्षात येणार नाही. पुरात पाणी टाकीत शिरलं की डिझेल हलकं असल्यामुळे वर येतं आणि डिप पाइपातून बाहेर पडतं. तुम्ही पाहिलेला तवंग तोच. म्हणजे डिझेल खालून मुरुमात गेलं तसं वरून आवारातही पसरलं, आणि त्यावर पुराचा गाळ बसला. आज पाय ठेवतो ती जमीन २०१९ ची नाही. तो वितीएवढा गाळ खरवडून काढा, त्याखालच्या काळ्या मातीचा वरचा थर लागला की तिथून, डिप पाइपाच्या आसपास आणि गोठ्याच्या भिंतीशी, नमुना घ्या. उन्हाळ्यात काळीला पडलेली भेग दिसली तर तिच्या आतल्या बाजूची माती घ्या. भेगांतून तेल सरळ खाली जातं.

खड्ड्यात कोणीही उतरू नका. काळ्या मातीची उभी कड आधी न सांगता ढासळते. जेसीबीच्या बकेटने तळाची माती वर घ्या आणि बकेटच्या पत्र्याला लागलेली सोडून मधली माती भरा. बकेट आधी धुऊन घ्या, जेसीबीचं हायड्रॉलिक तेल गळत नाही ना ते बघा, आणि ज्याने नुकतंच डिझेल भरलंय त्याने बाटलीला हात लावू नये. असल्या कारणांनी स्वच्छ जागेचा नमुना खराब आलेला मी पाहिलाय.

भरायला रुंद तोंडाची काचेची बाटली, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण. ती प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. प्लॅस्टिकची पिशवी नको, हे घटक प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि त्यातून बाहेरही जातात. बाटली गच्च, वर हवेला जागा न ठेवता भरायची, काठ पुसून झाकण लावायचं, जागा-खोली-वेळ लिहायची आणि लगेच बर्फाच्या पेटीत. चार अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून शक्यतो दुसऱ्या दिवशी पोचवा. अर्क काढण्याला चौदा दिवसांची मुदत असते, पण आपल्या उन्हात मुदतीवर विसंबू नका. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या घटकांसाठी काही प्रयोगशाळा मिथेनॉल घातलेल्या कुप्या देतात, मिळाल्या तर त्याच वापरा.

काय तपासायचं? डिझेलसाठी टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, आणि त्यात कार्बनची श्रेणी सांगा, सी-१० ते सी-४०, म्हणजे रेणूत दहा ते चाळीस कार्बन अणू असलेले घटक. सोबत पीएएच, म्हणजे पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन, त्यात नॅप्थलीन आलं पाहिजे. बीटीईएक्स, म्हणजे बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन, डिझेलमध्ये कमी असतात, पण विहीर जवळ आहे म्हणून करड्या मुरुमाच्या नमुन्यात तरी करून घ्याच. टाकीत कधी पेट्रोल ठेवलं होतं का, हे सासूबाईंना किंवा जुन्या ड्रायव्हरला विचारा. ठेवलं असेल तर बीटीईएक्स सगळ्या नमुन्यांत आणि शिसंही. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पर्यंत शिसं घातलेलं पेट्रोल विकलं जात होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. बऱ्याच ठिकाणी "ऑइल अँड ग्रीस" नावाची चाचणी करून देतात, ती स्वस्त असते. त्यात द्रावकाने तेल काढून, द्रावक उडवून, उरलेल्याचं वजन करतात. उडवताना डिझेलचा हलका भागही उडतो, म्हणजे आकडा कमी येतो. आणि शेणातली, पाल्यातली नैसर्गिक स्निग्धद्रव्यं त्यात मोजली जातात, म्हणजे गोठ्याशेजारच्या मातीत आकडा जास्त येतो. दोन्हीकडून फसवणारी चाचणी. तुम्ही गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने, केलेला टीपीएच मागा, तोही कोरड्या वजनावर, आणि आलेखाची प्रत मागा. आलेखात जुनं डिझेल, नवं डिझेल, इंजिन ऑइल हे जाणकाराला वेगळं ओळखता येतं. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढं पुरेसं नाही. मान्यता चाचणीनिहाय असते, "मातीतल्या टीपीएचसाठी आहे का" असं विचारा. एनएबीएलच्या संकेतस्थळावर व्याप्ती बघता येते.

आता विहीर. मोटार चालू केल्यावर पाणी स्वच्छ येतं, हे बरोबर आहे आणि त्यावरून काही ठरत नाही. फूट व्हॉल्व, म्हणजे मोटारीच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड, तळाशी असतो, डिझेल पाण्यावर तरंगतं. मोटार रात्रभर बंद ठेवा, सकाळी काचेची बाटली दोरीने सोडून अगदी पृष्ठभागावरचं पाणी घ्या आणि दुसरा नमुना मोटारीचा. दोन्हींत टीपीएच, बीटीईएक्स आणि नॅप्थलीन. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला १० मायक्रोग्रॅम, आणि एवढ्याशा बेंझिनला वास येत नाही. निकाल येईपर्यंत ते पाणी प्यायला, स्वयंपाकाला वापरू नका आणि जनावरांनाही शक्य तेवढं नळाचंच द्या. उकळून पिऊ नका. उकळल्यावर बेंझिन स्वयंपाकघराच्या हवेत येतं, आणि जड भाग पाण्यात राहतोच. शिवाय विहीर जोरात उपसू नका, उपशाने तेल विहिरीकडे ओढलं जातं.

आपल्या खडकाबद्दल थोडं. मुरुमाखाली काळा पाषाण आहे, आणि त्यात पाणी सांध्या-भेगांतून फिरतं. म्हणून तीस पावलांवरची विहीर स्वच्छ निघू शकते आणि तिच्या पलीकडची शेजाऱ्याची खराब. शेजाऱ्यांना सांगून त्यांच्याही विहिरीचा नमुना घ्या. सांगायला अवघड वाटेल, पण सांगाच.

ढीग ताडपत्रीवर घ्या, वरून ताडपत्री, भोवती बांध. पावसाआधी एवढं झालंच पाहिजे. करडी माती आणि स्वच्छ काळी वेगवेगळी ठेवा.

द्राक्षमळा (तासगाव)

वरचं सगळं पटलं. ढिगाबद्दल माझं एक म्हणणं आहे. डिझेलची माती कायमची मेलेली नसते, जिवाणू ते खातात. दिल्लीच्या टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचं ऑइलझॅपर नावाचं मिश्रण तयार केलं आणि तेलक्षेत्रांतल्या गाळावर ते वापरलं गेलंय. मग शेणखत आणि युरिया घालून, ओल राखून, ट्रॅक्टरने पलटी मारत ही माती शेतातच का सुधारू नये? आम्ही कंपोस्ट करतोच की. इतकी माती गाडीने लांब पाठवायचा खर्च साध्या घराला झेपणारा नाही.

माती-पाणी (मिरज)

दादा, तत्त्व अगदी बरोबर आहे आणि डिझेलला ते लागूही पडतं. कार्बन, नत्र, स्फुरद साधारण १००:१०:१ असं धरतात, ओल आणि हवा हवी, आणि काही महिन्यांत आकडा चांगला उतरतो. पण शेतात नको. खाली जाड कागद, भोवती बांध, वर आच्छादन अशा जागेवर करायचं, म्हणजे पाझर जमिनीत जाणार नाही. शेणखत घातल्यावर नंतरच्या चाचणीत शेणातले घटक मिसळतात, तेव्हा प्रयोगशाळेला सिलिका जेलने शुद्धीकरण करायला सांगायचं. आणि आकडा उतरल्याचं तपासून दिसेपर्यंत ती माती कुठल्याही पिकाखाली घालायची नाही.

हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीत आहे. तिथे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. टाकीतला गाळ आणि फार खराब माती अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवी. आपल्याला जवळचं म्हणजे पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे. दूषित स्थळांसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही केले आहेत, तेव्हा कागद नीट असणं तुमच्याच हिताचं.

नदीकाठ (पलूस तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. अहवाल आले. परवान्याची फाइल सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडली, नकाशासकट. मशीन आम्हाला वाटत होतं तिथे नव्हतंच, गोठ्याच्या कोपऱ्याला होतं. टाकी भंगारवाल्याकडे अजून न कापता पडून होती. त्याला फोन करून सगळं समजावून सांगितलं, त्याने थांबवलंय.

करड्या मुरुमात टीपीएच किलोला ६,४०० मिलिग्रॅम. दुसऱ्या टोकाखाली "बीडीएल" लिहिलंय. ओढ्याकडच्या भिंतीत ३१०, बाकी तीन भिंती बीडीएल. गाळाखालच्या काळीत डिप पाइपाजवळ ९००. बेंझिन मातीत कुठेच नाही, नॅप्थलीन फक्त करड्या मुरुमात. विहिरीचे दोन्ही नमुने बीडीएल, शेजारच्या काकांच्या विहिरीचाही. काका रागावतील असं वाटलं होतं, पण ते स्वतः बाटली धरून उभे राहिले.

हे आकडे किती वाईट आहेत? आणि घर तिथे बांधावं का?

माती-पाणी (मिरज)

विहिरींचं वाचून फार बरं वाटलं.

"बीडीएल" म्हणजे मोजता येण्याच्या खाली. शेजारी मोजमापाची सीमा किती लिहिलीय ते बघा. पाण्यातल्या बेंझिनची सीमा १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर त्या "बीडीएल"ला अर्थ नाही, प्रयोगशाळेला परत विचारा.

मातीच्या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून दोन देशांचं सांगतो. नेदरलँडमध्ये खनिज तेल किलोला ५,००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की हस्तक्षेप करायची पातळी धरतात. कॅनडा कार्बनच्या गटांप्रमाणे आकडे ठरवतो आणि शेतजमिनीसाठी डिझेलच्या हलक्या गटाला, सी-१० ते सी-१६, किलोला १५० मिलिग्रॅम इतकी कडक मर्यादा लावतो. तुमचा करडा मुरूम दोन्हींच्या दृष्टीने काढायलाच हवा. डिप पाइपाजवळची काळीही वरचा थर खरवडून काढा, ती उथळ आहे, सोपं काम आहे. ओढ्याकडच्या भिंतीच्या ३१० ची कार्बन गटांप्रमाणे फोड मागा, मग ठरवा.

काढताना रंग आणि वास संपला की थांबायचं नाही. तिथून पुन्हा नमुना घ्यायचा, तळ आणि भिंत दोन्ही, आणि तो स्वच्छ आल्यावरच भरायचं. कातळ लागला तर कातळावरची खरवड आणि भेगांतली माती घ्या. भरायला बाहेरून आणलेला मुरूम कुठल्या जागेचा आहे तेही विचारा.

विहीर आज स्वच्छ आहे ती उन्हाळ्यातल्या खालच्या पातळीची. पावसात पाणी चढलं की मुरुमात अडकलेलं डिझेल उचललं जातं. म्हणून पावसाळ्याच्या मध्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासा, पृष्ठभागाचं पाणी विसरू नका. तोवर पिण्याला नळच.

घराचं म्हणाल तर जागा साफ झाल्याचे अहवाल हातात आल्यावर बांधायला हरकत नाही. तरी आवारात जागा आहे तर झोपायची खोली त्या खड्ड्यावर येणार नाही असा आराखडा करा आणि तळघर अजिबात नको, वाफ खालूनच येते. आणि पिण्याच्या पाण्याची प्लॅस्टिकची पाइप त्या मातीतून नेऊ नका. हायड्रोकार्बन प्लॅस्टिकच्या भिंतीतून आत झिरपतात, नळाचं पाणी स्वच्छ असूनही घरात खराब होऊन येतं. पाइप वरच्या बाजूने, रस्त्याकडून फिरवून घ्या. प्लंबरला हे माहीत नसतं, दीरांना स्वतः उभं राहून करून घ्यायला सांगा.

परवान्याच्या नकाशाची एक प्रत या सगळ्या अहवालांसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा आणि पेसोकडे परवाना बंद झाल्याची नोंद आहे का तेही विचारून घ्या.